भिंत, कमान आणि मांडव: चढत्या गुलाबाच्या आणि वेलींच्या कामाच्या नोंदी

१५ जानेवारी २०२४

आज संक्रांत. कोपऱ्यावरच्या बंगल्याच्या गच्चीवरून संक्रांतवेल नारिंगी फुलांनी लगडून खाली उतरली आहे. तिळगूळ द्यायला आलेल्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "तुम्हीही लावा की मागच्या मांडवावर." मोह होतोच. पण ही वेल वर्षातून एकदा, थंडीत फुलते आणि उरलेला काळ नुसता हिरवा भार असतो. आम्हाला मांडव उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही फुललेला हवा आहे, म्हणून तिचा विचार बाजूला ठेवला.

यंदा तीन जागांचं काम हाती घ्यायचं ठरलं आहे. पहिली पश्चिमेची भिंत. बावीस फूट लांब, नऊ फूट उंच, दुपारनंतर सगळं ऊन तिच्यावर. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये आतल्या खोलीची भिंत रात्री जेवणं झाली तरी हाताला गरम लागते. दुसरी फाटकावरची कमान. तिच्यावर सासऱ्यांनी लावलेला जुना चढता गुलाब आहे. क्रीम रंगाच्या फुलांचे गुच्छ येतात, पण सगळे कमानीच्या डोक्यावर. खालून दिसतात ते काटे आणि उघडे दांडे. तिसरी जागा मागचा लोखंडी मांडव. धुणं वाळत घालायला केलेला, आता पत्रे काढून टाकल्यामुळे रिकामा.

वेल निवडताना आपण बहुतेकदा आधी फूल बघतो. मी यावेळी आधी तिची चढायची रीत बघणार आहे. चार्ल्स डार्विननं १८६५ साली वेलींचा अभ्यास मांडला तेव्हा त्यांची विभागणी याच पायावर केली होती. काही वेली खोडानंच आधाराला पीळ घालतात, काही पानांनी किंवा ताण्यांनी पकडतात, काही आकड्यांनी अडकतात आणि काही मुळ्या रोवून भिंतीवर चढतात. गोकर्ण, गुळवेल पीळ घालणाऱ्या. कृष्णकमळ, संक्रांतवेल, लसूणवेल ताणे काढणाऱ्या. द्राक्षबागेत त्यांनाच बाळ्या म्हणतात. फायकस रेपन्स मुळ्यांनी चिकटतो. बोगनवेल आणि चढता गुलाब काट्यांच्या बळावर दुसऱ्या झाडावर रेलतात.

यातून बराच निर्णय आपोआप होतो. सपाट भिंतीवर गोकर्ण चढणार नाही, तिला पीळ घालायला बारीक तार किंवा काठी हवी. मुळ्यांनी चढणाऱ्या वेलीला आधार लागत नाही, पण ती गिलाव्यात शिरते आणि काढायची म्हटली की रंगासकट पोपडे निघतात. गुलाबाला तर आधार धरताच येत नाही. तो आपण बांधू तिथे राहतो, आणि बांधू तसा फुलतो.

२७ जानेवारी २०२४

एम्प्रेस बागेतलं पुष्पप्रदर्शन पाहून आले. दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरतं. गर्दी कापलेल्या फुलांच्या टेबलांभोवती जास्त होती. मी गुच्छात फुलणारे गुलाब शोधत होते. आमच्या कमानीवरच्या गुलाबाचं नाव घरात कुणालाच ठाऊक नाही. कळी फिकट गुलाबी, उमलल्यावर क्रीम, मग जवळजवळ पांढरा, आणि सकाळी मंद कस्तुरीसारखा वास. जाणकारांशी बोलून, फोटो दाखवून जवळचं उत्तर मिळालं ते 'प्रॉस्पेरिटी'. जोसेफ पेम्बर्टन या इंग्रज धर्मोपदेशकानं केलेला, १९१९ सालचा. आपल्याकडे हा बऱ्यापैकी पसरलेला आहे आणि उन्हाला टिकतो, त्यामुळे पटण्यासारखं आहे.

बाहेर पडताना बागेतल्या जुन्या झाडांवर चढलेल्या दांडग्या वेली पुन्हा नीट बघितल्या. माणसाच्या मांडीएवढं खोड. वेल म्हणजे नाजूक काहीतरी ही कल्पना तिथे उभं राहिलं की निघून जाते. मांडवाचे खांब जाड घ्यायचे, हे तिथेच पक्कं झालं.

११ फेब्रुवारी २०२४

वेल्डिंगचं काम झालं. मांडवाचे जुने पाऊण इंची पाइप काढून दीड इंची लावले, खालचा भाग काँक्रीटमध्ये दीड फूट. लाल ऑक्साइडचे दोन हात, वर हिरवा रंग. या मांडवावर मधुमालती चढवायची आहे, ती पावसात भिजली की तिचं वजन बरंच वाढतं आणि जूनमधला वारा त्याच वेळी येतो.

पश्चिमेच्या भिंतीवर आडव्या तारा. पहिली जमिनीपासून दीड फुटावर, पुढच्या दर दीड फुटावर. बारा गेजची जीआय तार (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी), दर पाच फुटांवर भिंतीत अँकर, एका टोकाला टर्नबकल म्हणजे तार सैल पडली की पिळून ताणता येते. सगळ्यात महत्त्वाचं अंतर भिंत आणि तार यांच्यातलं: पाच इंच ठेवलं. वेल्डिंगवाले दादा म्हणाले, "ताई, एवढी लांब कशाला, भिंतीला चिकटून दिसायला बरी दिसेल." पण तापलेल्या भिंतीला टेकलेली पानं करपतात, मागे हवा खेळली नाही की लाल कोळी ही कीड माजते, आणि बांधायला हात मागून घालता आला पाहिजे. याच तारा पुढे फाटकाच्या दोन्ही बाजूंच्या कंपाउंडवरही नेल्या. जुन्या गुलाबासाठी त्या लागणार आहेत.

१७ मार्च २०२४

सोलापूर रस्त्यानं उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्या पालथ्या घातल्या. वाटेत एका घराच्या कुंपणावर पेट्रियाची वेल फुललेली दिसली. निळ्या-जांभळ्या चांदण्यांचे घोस. खरं फूल गळून गेलं तरी मागच्या फिक्या चांदण्या कितीतरी दिवस राहतात. पानं मात्र कागदासारखी खरखरीत, आणि वाढ संथ. ज्यांना दोन-तीन वर्षं थांबायची तयारी आहे त्यांनी जरूर लावावी.

गुलाबाच्या बाबतीत नर्सरीत एक अडचण कायम येते. पाटीवर 'लाल क्लाइंबर', 'पिवळा क्लाइंबर' एवढंच असतं. मी विचारते ते इतकंच: हा मुळात चढता आहे की झुडपी गुलाबातून निघालेला? ज्यांच्या नावाआधी 'क्लाइंबिंग' लागतं ते बहुधा झुडपी जातीवर अचानक आलेल्या लांब फांदीतून डोळे (नवी फूट निघते त्या जागा) घेऊन, कलम करून वाढवलेले असतात. त्यांना पहिल्या एक-दोन वर्षांत जोरात छाटलं तर ते पुन्हा झुडूप व्हायला बघतात. हे माहीत नसल्यामुळे दर ऑक्टोबरला सगळ्या गुलाबांवर सरसकट कात्री चालते आणि मग 'हा चढतच नाही' अशी तक्रार होते.

दुसरा प्रश्न: पुन्हा पुन्हा फुलतो की वर्षातून एकदाच? 'अमेरिकन पिलर'सारखे रॅम्बलर, म्हणजे लांब लवचीक दांड्यांचे चढते गुलाब, छायाचित्रात डोळे दिपवतात, पण एकदा फुलून वर्षभर थांबतात. शिवाय थंड प्रदेशासाठी तयार झालेल्या अनेक जातींना जेवढी थंडी लागते तेवढी पुण्यात पडत नाही. परदेशी कॅटलॉगात 'न्यू डॉन'चं कौतुक असतं. अमेरिकेत १९३१ साली वनस्पतीला मिळालेलं पहिलं पेटंट त्याचंच, आणि तेही तो पुन्हा पुन्हा फुलतो या गुणासाठी. आपल्याला गुण तोच हवा, पण ऊन सोसणारा.

उन्हाच्या देशासाठी चढता गुलाब हा विचार मनापासून करणारं एक जोडपं भारतातच आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. कोडाईकनालचे एम. एस. वीरराघवन आणि गिरिजा वीरराघवन. मणिपूर-नागालँडच्या डोंगरांत रोझा जायगँशिया नावाचा रानगुलाब उंच झाडांवर चढतो. फुलं मोठी, फिकट क्रीम. १८८० च्या दशकात जॉर्ज वॉट यांनी मणिपूरमध्ये तो नोंदवला. चहाच्या वासाचे म्हणून जे 'टी रोझ' ओळखले जातात त्यांच्या पूर्वजांत तो आहे. या रानगुलाबाचा आणि पाणथळ जागीही तगणाऱ्या रोझा क्लायनोफिला या आपल्या दुसऱ्या रानगुलाबाचा संकरात वापर करून उष्ण हवामानाला साजेसे गुलाब घडवायचं काम त्यांनी अनेक वर्षं केलं. 'गोल्डन थ्रेशोल्ड', 'अंबर क्लाउड' हे त्यांचे गुलाब. नर्सरीत विचारले, मिळाले नाहीत. विचारत राहणार आहे. मागणी असली तरच नर्सरीवाले कलमं करतील.

शेवटी ठरलं ते असं: भिंतीसाठी 'कॉकटेल' आणि 'दिल्ली व्हाइट पर्ल'. 'कॉकटेल' फ्रान्सच्या मेयाँ घराण्याचा, पाच पाकळ्यांचा, लाल, मध्यभागी पिवळा. एकेरी असल्यामुळे मधमाश्यांना थेट पराग मिळतो. 'दिल्ली व्हाइट पर्ल' दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा, म्हणजे आपल्या उन्हात घडलेला. दोन्ही आज आणले नाहीत. मार्चमध्ये लावलेला गुलाब मे काढताना दमतो. ऑक्टोबरनंतर घेणार.

१२ मे २०२४

खड्डे. दोन फूट लांब, रुंद, खोल. बांधकामाचा राडारोडा निघाला, विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे. सगळं उपसून काढलं, कारण सिमेंटचा चुना मातीत उतरला की लोह पिकाला मिळत नाही आणि पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आमचं बोअरचं पाणीही जड आहे, त्यात ही भर नको. खड्डे उन्हात उघडे ठेवले.

१६ जून २०२४

चांगला पाऊस झाला. वेली लावल्या. खड्ड्यात निम्मी काळी माती, बाकी कुजलेलं शेणखत आणि वाळू, वर दोन ओंजळी निंबोळी पेंड.

मांडवाच्या एका खांबाशी मधुमालती, समोरच्या खांबाशी जुई येणार. कृष्णकमळ भिंतीच्या उत्तरेच्या टोकाला, जिथे सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारचं थोडं चुकतं.

जुई विकत आणली नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावरची जुई आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. त्यांनी मागच्या वर्षीच तिची एक लांब फांदी मातीत दाबून वर वीट ठेवली होती. दाब कलम करायची ही सगळ्यात सोपी रीत. आज वीट उचलली तर खाली पांढऱ्या मुळ्यांचा झुपका. आई म्हणाल्या, "तोडू नको लगेच. आधी आईकडची बाजू अर्धी काप, आठ दिवसांनी पूर्ण काप. तिला कळू दे हळूहळू." मूळ झाडाला त्या नेहमी आईच म्हणतात. तसंच केलं, फांदी अर्धी कापून ठेवली आहे, मांडवाशी तिचा खड्डा वाट बघतोय. जाई की जुई असा गोंधळ नेहमी होतो. जाईचं पान अनेक पर्णिकांचं (छोट्या पानांचं) आणि कळीला बाहेरून गुलाबी झाक. जुईचं पान साधं दिसतं. देठाजवळ मात्र दोन इवल्याशा पर्णिका कानांसारख्या चिकटलेल्या असतात.

रात्री गुलाबाच्या कोवळ्या पानांवर भुंगेरे. पहिल्या पावसानंतर जमिनीतून निघतात, यांच्याच अळीला हुमणी म्हणतात. औषधापेक्षा हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकणं जास्त चांगलं. बॅटरी घेऊन फाटकाशी तासभर गेला.

८ सप्टेंबर २०२४

कृष्णकमळाच्या तारेवर लालसर, काटेरी केसांच्या अळ्या. माळीकाका फवारा घेऊनच आले होते. त्यांना थांबवलं. "काका, फुलपाखराच्या आहेत, राहू देत." टॉनी कोस्टर नावाच्या नारिंगी फुलपाखराच्या या अळ्या, कृष्णकमळाच्या कुळातल्या वेलींवर त्या जगतात. त्यांनी खालची पानं पार जाळीदार केली आहेत, पण वेल तेवढ्या वेगानं वर नवी पानं काढते. रोपटं अगदी लहान असतं तर काही अळ्या उचलून दुसरीकडे ठेवल्या असत्या. आता भिंतीच्या सहाव्या फुटाला पोचलेल्या वेलीला त्यांचा धोका नाही.

एक फूल आज उमललं. गणपतीला वाहायला आईंनी ते खुडलं आणि नातीला मांडीवर घेऊन दाखवलं: बाहेरचा झालरीचा गोल म्हणजे शंभर कौरव, मधले पाच पांडव, वर तीन ते ब्रह्मा-विष्णू-महेश. पाच पुंकेसर आणि स्त्रीकेसराची तीन टोकं, हे वनस्पतीशास्त्राच्या तासाला शिकायच्या आधीच तिच्या लक्षात राहील.

गुलाबाच्या आणि बोगनवेलीच्या काही पानांच्या कडेला कंपासनं काढावेत तसे अर्धगोल काप दिसताहेत. हा रोग नव्हे. पानकापी मधमाशी ते तुकडे घरट्याच्या कप्प्यांसाठी नेते. त्यासाठीही फवारणी नाही.

काळे ठिपके मात्र गुलाबावर आहेत. सततच्या ओल्या पानांवर ही बुरशी येते. खाली पडलेली पानं रोज गोळा करून बाहेर टाकतो आहोत, कंपोस्टमध्ये नाही.

२० ऑक्टोबर २०२४

आजची नोंद सविस्तर, कारण सगळ्या कामाचा गाभा हाच.

फाटकावरचा गुलाब आज खाली उतरवला. वर्षानुवर्षं तो सरळ वर गेला आणि फुललाही वरच. त्याचं कारण झाडाच्या आतच आहे. फांदीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली वाहत येतं आणि खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. फांदी उभी असेपर्यंत शेंड्याचं राज्य चालतं. तीच फांदी आडवी केली की शेंडा सगळ्यांत उंच राहत नाही, त्याची पकड सैल होते आणि दांड्याच्या लांबीवरचे डोळे एकेक करून फुटतात. त्या आखूड फुटींच्या टोकाला फुलं. म्हणजे चढत्या गुलाबाला जास्त फुलं हवी असतील तर त्याला चढू देण्याऐवजी निजवायचं.

सुरुवात सगळ्या जुन्या गाठी सोडण्यापासून. कुणी तरी कधी तरी वायरनं बांधलं होतं, ती वायर सालीत रुतून गेली होती. तो दांडा तिथूनच काढावा लागला. मग बुंध्याशी बसून निवड. करड्या, सुरकुतलेल्या, पोकळ वाजणाऱ्या जुन्या दांड्यांना करवत, अगदी बुडातून. या वर्षी आणि गेल्या वर्षी बुंध्यातून निघालेले हिरवे-तपकिरी, अंगठ्याएवढे दांडे ठेवले. फुलं यांच्यावरच येणार.

कलमाच्या सांध्याच्या खालून आलेल्या दोन फुटी दिसल्या. या खुंटाच्या, म्हणजे ज्या गुलाबावर कलम केलेलं असतं त्याच्या; वाढू दिल्या तर कलमाला मागे टाकतात. सात पर्णिका दिसल्या की खुंट समजायचा, असं सर्रास सांगितलं जातं; चढत्या गुलाबांत ते फसवं ठरतं, यांच्या कित्येक जातींना स्वतःलाच सात पर्णिका असतात. माती उकरून फूट कुठून निघाली ते बघणं हाच खरा उपाय. तिथून ती खाली ओढून उपटली. कापली असती तर तळाचे डोळे राहून चार नव्या आल्या असत्या.

आता वाकवणं. एकानं दांडा धरायचा, दुसऱ्यानं बांधायचं, घाई अजिबात नाही. बुंध्यापाशी दांडा एकदम मोडतो, म्हणून वळण तिथे न देता फूटभर वर सुरू केलं. लवचीक होते ते आज पूर्ण आडवे झाले, फाटकाच्या डावी-उजवीकडे कंपाउंडच्या तारांवर. एक जाडजूड दांडा ऐकेना. त्याला सुती दोरी बांधून खुंटीला थोडा ताण दिला आहे. दर रविवारी थोडा थोडा खाली घेणार. कमानीच्या खांबावर राहिलेले दोन दांडे सरळ न बांधता खांबाभोवती तिरपे गुंडाळले. खांबावर आडवं करायला जागा नसते, तिथे हा वेढा तेच काम करतो.

बांधायला आईंच्या जुन्या सुती साडीच्या पट्ट्या. तार आणि दांडा यांच्यामध्ये इंग्रजी आठसारखा फास, म्हणजे दांडा तारेवर घासत नाही आणि जाड व्हायला जागा राहते. दांडा नेहमी तारेच्या पुढच्या बाजूला. तारांमधून विणत नेला की पुढच्या वर्षी सोडवता येत नाही.

कापांवर बोर्डो पेस्ट. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत. मग एकत्र ओतून ढवळायचं. लोखंडी भांडं चालत नाही. तयार झाल्यावर लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून काढली. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे, चुना वाढवायचा. पातं स्वच्छ निघालं, मग ब्रशनं लावली. छाटणीनंतर कापापासून खाली काळी पडत जाणारी शेंडेमर अशानं रोखली जाते.

शेवटी कमान अगदी उघडी दिसायला लागली. यजमान बाहेर येऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बाबांनी एवढा चढवला होता गं." त्यांना दांड्यावरचे फुगलेले डोळे दाखवले, एकेक मोजून.

१० नोव्हेंबर २०२४

डोळे फुटले. उजवीकडच्या लांब दांड्यावर जवळजवळ प्रत्येक पेरातून लाल-तांबूस फूट, सगळ्या वरच्या दिशेला. खालच्या अंगाचे डोळे तेवढे शांत. हट्टी दांडा आता निम्म्यावर आला आहे.

'कॉकटेल' आणि 'दिल्ली व्हाइट पर्ल' आज भिंतीशी लावले, दोघांत दहा फूट अंतर. भिंतीपासून दीड फूट पुढे, कारण भिंतीच्या पायाशी माती कोरडी आणि चुनखडी असते. कलमाचा सांधा मातीच्या दोन-तीन बोटं वर. थंड देशांत तो बर्फापासून वाचवायला पुरतात. इथे पुरला तर कलमालाच मुळ्या फुटतात किंवा कुजतो. पहिली दोन वर्षं यांना कात्री नाही, फक्त सुकलेलं आणि वाळलेली फुलं काढायची.

८ डिसेंबर २०२४

फाटक फुललं. कमरेच्या उंचीपासून वरपर्यंत, कंपाउंडच्या दोन्ही बाजूंना. दुधवाले, पेपरवाले, शाळेत जाणारी मुलं, सगळे थांबतात. आई सकाळी खुर्ची टाकून तिथेच चहा घेतात. त्यांना पहिल्यांदाच हाताशी फूल मिळालंय. आतापर्यंत वर बघूनच समाधान मानायच्या.

१९ जानेवारी २०२५

पहाटेचा गारवा आणि दुपारचं ऊन, त्यामुळे कोवळ्या पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी बुरशी. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी. हे थंडीतच बरं. तापमान बत्तिसाच्या वर गेलं की गंधकानं पानं भाजतात.

आईंच्या मूळ जुईची छाटणी. गुडघ्याएवढी उंची ठेवून बाकी कापली, पाणी कमी केलं, फेब्रुवारीअखेर शेणखत. मांडवाजवळच्या नव्या जुईला मात्र हात लावला नाही, तिला आधी वर पोचू दे.

२३ मार्च २०२५

बोगनवेल. कंपाउंडच्या रस्त्याकडच्या टोकाला 'मेरी पामर' आहे. एकाच झाडावर पांढरे आणि गडद गुलाबी असे दोन्ही रंग, कधी एकाच घोसात. रंगीत दिसतात ती फुलं नव्हेत, फुलांभोवतीची पानं. खरी फुलं मध्ये तीन, बारीक नळीसारखी. हिच्याबद्दल माळीकाकांचा अनुभव अगदी नेमका आहे: "हिला पाणी देऊन लाडावू नका, ताई." जानेवारीपासून पाणी फक्त पानं मान टाकू लागली की. नत्राचं खत तर नाहीच, नाहीतर लांब काटेरी फांद्या आणि नुसती पानं. एका बाजूला गुलाबाला रोज पाणी आणि दहा फुटांवर हिला उपाशी ठेवायचं, म्हणून दोघांच्या आळ्यांमध्ये विटांची आडवी ओळ जमिनीत गाडली आहे.

६ जुलै २०२५

मांडव झाकला गेला. मधुमालतीनं वर्षभरात एवढी मजल मारली. तिची चढायची रीत जवळून बघण्यासारखी आहे: पान गळतं पण देठाचा खालचा भाग राहतो, टणक होतो, आकड्यासारखा वळतो आणि त्याच्या आधारावर वेल पुढे सरकते. धुणं वाळत घालताना ओढणी अडकते ती याच आकड्यांना.

संध्याकाळी उमलताना फूल पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी लाल. एका घोसात तिन्ही. पहिल्या रात्रीचा पांढरा रंग आणि वास हे लांब सोंडेच्या पतंगांसाठी असतात. अंधार पडल्यावर मांडवाखाली उभं राहिलं की हॉक मॉथ फुलासमोर हवेतल्या हवेत स्थिर राहून रस पिताना दिसतात. म्हणून मांडवाखालचा मोठा दिवा काढला आणि दाराशी लहान पिवळा लावला.

जुई समोरच्या खांबावरून वर येऊन मधुमालतीत घुसायला लागली आहे. तिथे मधुमालतीला आवर घालायचा, दर पंधरवड्याला तिची त्या बाजूची टोकं खुडायची. जोरकस वेलीजवळ नाजूक वेल लावली तर एवढी पहारेदारी करावीच लागते. जुईच्या कळ्या आई संध्याकाळी उमलायच्या आधी काढतात. गजरे रात्री उमलतात.

१२ ऑक्टोबर २०२५

फाटकाच्या गुलाबानं पावसाळ्यात बुंध्यातून तीन नवे दांडे काढले. दोन जुने काढून त्यांच्या जागी हे आडवे बांधले. असाच फेरपालट दरवर्षी चालू ठेवायचा, म्हणजे झाड म्हातारं होत नाही.

भिंतीवरच्या 'कॉकटेल'चे दांडे चौथ्या तारेपर्यंत. पंख्याच्या आकारात पसरवून खालच्या तारांवर निजवले, कात्री न लावता. 'दिल्ली व्हाइट पर्ल' मागे आहे. पानं पिवळी, शिरा हिरव्या. बोअरचं पाणी बंद करून साठवलेलं पावसाचं पाणी सुरू केलं, जोडीला चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं. नव्या पानांचा रंग सुधारतोय.

भिंतीच्या आतल्या बाजूला, खोलीत, यंदाच्या मेमध्येही ऊब जाणवली होती. अर्धी भिंत अजून उघडी आहे. दक्षिणेच्या टोकाला आता हिरवा चाफा लावायचं ठरलं. तो पुढे वेलीसारखा पसरतो, फुलाच्या देठाचाच आकडा करून आधार पकडतो, आणि त्याची हिरवी फुलं पिवळी व्हायला लागली की वास सुटतो. त्याचं खोड पुढे लाकडासारखं जड होईल, म्हणून तारेवर भरवसा न ठेवता तिथे दीड इंची पाइपाची चौकट हवी. वेल्डिंगवाल्या दादांना दिवाळीनंतरचा रविवार दिला आहे. खड्डा याच आठवड्यात.